वेटिंगवरची सिस्टर

९ मार्च

नाही म्हटलं! मेट्रनच्या तोंडावर, तिच्याच केबिनमध्ये.

बोलावलं होतं बढतीसाठी. 'मजल्याची इनचार्ज हो,' म्हणाली. म्हणजे काय — ड्यूटी लिस्ट लावायची, चादरी मोजायच्या, कोण खरंच आजारी आहे आणि कोण आजाराचं सोंग घेऊन चुलतबहिणीच्या लग्नाला गेलंय ते ओळखायचं. पेशंट दिसणार तो फक्त राउंडला, साहेबांच्या खांद्यावरून. मी म्हटलं, मॅडम, मला नको. मला पुढं शिकायचंय.

तिने चष्मा कपाळावर चढवला. मेट्रनचा चष्मा कपाळावर गेला की समोरच्याने खाली बघायचं, हे आमच्याकडं लिफ्टमनलाही माहीत आहे. मी नाही बघितलं.

'काय शिकायचंय?'

'नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स. क्रिटिकल केअर. दोन वर्षांचा.'

'या वयात?'

बस. एवढंच! इतकी वर्षं जिच्या एका हाकेवर डबल ड्यूटी केली, तिला माझ्याबद्दल पडलेला हा एकुलता एक प्रश्न. मी चाळिशीला टेकलेय मॅडम, भिंतीला नाही! — हे तिथं सुचायला हवं होतं. जिना उतरताना सुचलं. आता निदान इथं लिहून ठेवते.

१० मार्च

इनचार्जची खुर्ची शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला गेली. तिने सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायले. चांगला होता.

१५ मार्च

माझ्या जुन्या मैत्रिणीकडे, चष्मिशकडे गेले. आम्ही दोघी नर्सिंग शिकताना हॉस्टेलच्या एकाच खोलीत होतो, एकच इस्त्री आणि एकच छत्री वापरायचो. आता ती नर्सिंग कॉलेजात शिकवते. म्हटलं, मला सगळे रस्ते नीट समजावून सांग, मग मी भांडेन.

तिने डब्यातली बिस्किटं टेबलावर मांडली. हे एम.एस्सी. नर्सिंग — विषय घ्यायचा, बालरोग म्हण, मानसिक आरोग्य म्हण, आणि मग शिकवायचं. त्याच्या पुढचं हे पीएच.डी. — केलीस तर प्राध्यापक, न केलीस तर जन्मभर 'मॅडम, तुमचं पीएच.डी. कधी?' हे हॉस्पिटल मॅनेजमेंट — त्यात खुर्ची मऊ मिळते. हे सार्वजनिक आरोग्य — वस्त्या, लसी, सरकारी जीप. हे मिडवाइफचं — बाळंतपणं स्वतःच्या हिमतीवर. आणि हे तुझं प्रॅक्टिशनर. तपासायचं, निदान करायचं, ठरलेल्या चौकटीत औषधंही आपणच लिहायची. बोलता बोलता मी मॅनेजमेंट खाऊन टाकलं.

'एम.एस्सी. कर आणि माझ्याकडं ये,' चष्मिश म्हणाली. 'रविवार सुट्टी, डोक्यावर पंखा, संध्याकाळी घरी. पाय बघ तुझे, दोऱ्यांसारख्या शिरा आल्यात.'

'मला पेशंट सोडायचा नाहीये.'

'अगं, पण प्रॅक्टिशनरची जागाच नाही कुठं! पदवी मिळेल, पद कोण देणार? पहिल्या बॅचच्या दोघी परत साध्या स्टाफ नर्स म्हणून लागल्या. त्याच वॉर्डात, त्याच पगारावर.'

हे मला माहीत नव्हतं. पण तिच्यासमोर कशाला दाखवू?

'जागा काढतील,' मी म्हटलं.

'कधी?'

'मी दारात जाऊन उभी राहिले की.'

ती हसली. मग हसता हसता तिने मला प्रवेश परीक्षेची तिची जुनी पुस्तकंही दिली. पिशवी फाटेपर्यंत भरून. माझी मैत्रीण आहे ती, उगाच नाही.

१६ मार्च

घरी सांगितलं.

नवरा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बाहेरच्यांना दिसत नाही. पण शिकणाऱ्याने जरा वेग घेतला की हा हळूच दाबतो. घरातही तसंच. कधी 'नको' म्हणत नाही! नुसतं, 'बघू या,' 'घाई काय आहे,' 'पोरीचं कॉलेज एकदा मार्गी लागू दे.' गाडी आपोआप थांबते आणि आपल्याला वाटतं आपणच थांबवली.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणजे प्रकरण गंभीर.

'म्हणजे तू डॉक्टर होणार?'

'नाही आई.'

'मग नर्सच राहणार?'

'नर्सच. पण —'

'अगं मग दोन वर्षं जाऊन यायचं कुठं? आहेस तिथंच?'

मुलगी कानातली वायर काढून म्हणाली, 'आई, आजीचा पॉइंट बरोबर आहे. तू नक्की कोण होणार?' कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. सगळ्या गोष्टींत पॉइंट असतात.

मला सांगता आलं नाही. भांडी घासताना नीट जुळलं डोक्यात, तेच लिहिते. आत्ता मी पेशंटशेजारी बारा तास असते आणि जे दिसतं ते दुसऱ्याला कळवते. त्याला वेळ झाला, मूड असला, फोन उचलला, तर काहीतरी होतं. मला दिसलेल्या गोष्टीवर मला काही करता यायला हवं. का करायचं तेही कळायला हवं, नुसतं काय करायचं ते नाही. एवढंच व्हायचंय मला. त्याला नाव काय द्यायचं ते त्या युनिव्हर्सिटीला ठरवू दे!

२ एप्रिल

आज नव्या पोरीला वॉर्डातली जुनी विद्या शिकवली आणि शिकवता शिकवता स्वतःचाच संताप आला.

ती धावत आली. 'सिस्टर, कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांची शुगर खूपच कमी आहे, ग्लुकोज लावायला पाहिजे ना?' म्हटलं, हो, साहेबांना फोन कर. तिने फोन केला आणि सरळ सांगितलं, 'सर, ग्लुकोज लावायला पाहिजे.' पलीकडून जो काही आवाज चढला तो मला चार हातांवरून ऐकू आला.

मग तिला बाजूला घेतलं. म्हटलं, असं नाही बोलायचं बाई. ट्रे भरायचा, सलाईन टांगायचं, सुई काढून ठेवायची — सगळी तयारी आधी. मग फोन करायचा आणि विचारायचं, 'सर, शुगर इतकी आलीये, काय करू या? ग्लुकोज लावायचं का?' म्हणजे साहेब म्हणतात 'लावा', आणि ते त्यांना सुचलेलं असतं. आम्ही सगळ्या असंच करतो. मी करते, माझ्या सीनियर करायच्या, मेट्रनही तिच्या काळात करत असणार. सुरळीत चालतं. कुणी दुखावत नाही.

'पण सिस्टर, आपल्याला माहीत असतं ना?' पोरगी म्हणाली.

असतं. म्हणूनच तर नीट विचारता येतं!

तिला हसू आलं. मलाही आलं आधी.

२० एप्रिल

लेखी परीक्षा पास!! बसमध्ये, चादरींच्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वाचून पास. आता प्रात्यक्षिक आणि तोंडी.

नवरा म्हणाला, 'अरे वा. बघू या पुढं.' ब्रेक.

४ मे

मेट्रन रजेवर. गुडघे म्हणे. वॉर्डात शाळा सुटल्यासारखं वातावरण. तिची गुडघेदुखी बरी होवो, पण सावकाश.

७ मे

लिहू की नको. लिहितेच.

प्रात्यक्षिक होतं. गटागटाने बोलावतात, माझा गट आज. मोठी खोली, पलंगावर बाहुला — पुरा माणसाएवढा. श्वास घेतो, पापण्या मिटतो, डोक्याशी मॉनिटर. कोपऱ्यात दोन परीक्षक, एक बाई आणि एक पुरुष. बाईंनी सांगितलं, 'हा तुमचा पेशंट. आत्ताच अँटिबायोटिक चालू केलंय. तुम्ही आत आलात. सुरू करा.'

बघताक्षणी कळलं. श्वासाला शिट्टी, बीपी घसरतंय, आणि बाहुल्याच्या छातीवर त्यांनी लाल ठिपकेसुद्धा रंगवले होते. औषधाची रिॲक्शन! मी अँटिबायोटिक बंद केलं, ऑक्सिजन लावला, पाय उंच केले, ॲड्रिनॅलिन भरलं. सगळं झटपट. इतकं छान चाललं होतं!

आणि मी सिरिंज हातात धरून उभी राहिले.

उभीच. मॉनिटर ओरडतोय, बीपी खाली खाली, आणि मी सुई वर करून शहाण्यासारखी उभी. बाई म्हणाल्या, 'सिरिंजमध्ये काय आहे?' मी सांगितलं. 'किती?' सांगितलं. 'कुठं देणार?' मांडीत, म्हटलं. बिनचूक!

'मग कशासाठी थांबलात?'

आणि मी म्हटलं — देवा — मी म्हटलं, 'सर येतायत ना?'

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. पुरुष परीक्षक इकडंतिकडं बघून म्हणाले, 'कोण सर?'

तेवढ्यात बाहुला मेला. मॉनिटरवर सरळ रेघ, लांबलचक आवाज. बाईंनी बटण दाबून तो बंद केला आणि शांतपणे म्हणाल्या, 'या खोलीत ऑर्डर देणाऱ्या तुम्हीच होतात, सिस्टर.'

८ मे

रडणार नाही. एका रबरी माणसासाठी तर मुळीच नाही.

१२ मे

अखेर घरी सांगितलं. वाटलं होतं हसतील. सासूबाई हसल्याच. 'मेलेल्याला काय मारायचं त्यात!' म्हणून पदराने डोळे पुसेपर्यंत. मग मीही हसले, आणि हसता हसता ते दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. सासूबाईंनी टीव्ही बंदच केला.

नवरा भाजी चिरत होता. चिरता चिरता म्हणाला, 'आमच्याकडं रोज होतं हे.'

'काय?'

'महिनाभर शिकतात, उत्तम चालवतात. आणि पहिल्यांदा एकटे बसले की मधल्या चौकात शेजारच्या सीटकडं बघतात. मी आहे का, ब्रेक मारतोय का. गाडी येत असते त्यांना. शेजारी कुणी नसणं येत नसतं.'

इतकं लांब वाक्य त्याने लग्नानंतर फार वेळा म्हटलेलं नाही.

'मग तू काय करतोस?'

'शेवटच्या दिवशी मागच्या सीटवर जाऊन बसतो.'

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याने दुधी पुढं ओढला. 'चूक माझीही आहे म्हण,' एवढंच म्हणाला. ते गाडीबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही. कळलं मला.

१९ मे

कॉलेजातून फोन. प्रात्यक्षिकात मार्क गेले, लेखीने तारलं. वेटिंग लिस्टवर पहिली! कुणी जागा सोडली तर माझी. कुणी सोडली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्या बाहुल्यासमोर. येईन की! मी पळणारी नाही, आणि तो तर पळूच शकत नाही.

मेट्रनला जाऊन सांगितलं नाही. उगाच 'बघ, म्हटलं होतं ना' ऐकायचं कशाला?

२७ मे

आज विचारलं नाही. सांगितलं!

दुपारी जेवणानंतरची वेळ. मधल्या खाटेवरच्या काकू, हृदयाच्या. सकाळपासून सलाईन चालू. दुपारी बघते तर आडवं पडवत नाही, दोन्ही हात गादीवर टेकून बसलेल्या, बोलताना शब्दाशब्दाला थांबतायत. नातेवाईक म्हणतात, 'घाबरल्यात हो.' मी पाठीला स्टेथोस्कोप लावला — खालपर्यंत कुरकुर. फुप्फुसात पाणी.

खाकरसाहेबांना फोन लावला. आमचे मोठे डॉक्टर. बोलायच्या आधी घसा खाकरतात म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. ट्रे तयार होता. तोंडात तेच जुनं वाक्य तयार होतं, 'सर, काय करू या?' आणि मला तो बाहुला दिसला.

म्हटलं, 'सर, यांच्या फुप्फुसात पाणी भरलंय. मी सलाईन बंद केलंय. लघवीचं इंजेक्शन द्यायला हवं. ऑर्डर द्या.'

खाकरणं नाही, काही नाही. मग, 'द्या.' आणि फोन बंद.

दिलं. तासाभरात काकू उशीला टेकून बसल्या, मग 'चहा मिळेल का' म्हणाल्या. मी म्हटलं, चहा नाही, पण विचारलंत हेच खूप झालं.

२८ मे

आज सगळं उतरलं.

राउंडला खाकरसाहेब काकूंच्या खाटेशी थांबले. फाईल बघितली. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, 'सिस्टर, काल तुम्ही मला ऑर्डर दिलीत. या बाईंचं पोटॅशियम किती होतं सकाळी?'

मला माहीत नव्हतं. रिपोर्ट आला होता. मी बघितला नव्हता. कमी होतं. त्या इंजेक्शनने ते आणखी खाली जातं, आणि यांच्यासारख्या हृदयाला ते धोक्याचं. साहेबांनी संध्याकाळी स्वतः येऊन पोटॅशियम चालू केलं होतं. ते मला आत्ता कळलं.

'पाणी दिसलं तुम्हाला. बाकीचं कोण बघणार?' म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

कान तापले. माणूस उर्मट आहे, आणि बरोबर होता! दोन्ही एकदम. मधल्या सुट्टीत चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. वाटलं, सोड. आहेस तिथं बरी आहेस, विचारत राहा, त्यात सगळे सुरक्षित असतात.

मग दुसरीच गोष्ट डोक्यात आली आणि इतका राग आला की खोलीतून तडक बाहेर पडले. अरे, हेच तर शिकायचंय मला! पाणी बघायला अनुभव पुरला, पोटॅशियम बघायला पुरला नाही. म्हणूनच पाहिजे तो कोर्स! एवढी वर्षं कुणी मला त्या पोटॅशियमबद्दल विचारलं नाही, कारण ते बघणं माझं कामच नव्हतं. आज पहिल्यांदा कुणीतरी ते माझं काम असल्यासारखं मला झापलं.

साहेबांचे आभार मानायला हवेत. नाही मानणार.

३० मे

खाकरसाहेबांची तक्रार गेली. 'सिस्टरने फोनवर ऑर्डर विचारायची असते, सांगायची पद्धत नाही.' मेट्रनने बोलावलं. चष्मा आधीच कपाळावर.

'माफी माग त्यांची. विषय संपव.'

'पोटॅशियमबद्दल मागते. आत्ता जाऊन मागते. बोलण्याबद्दल नाही.'

'माफी अशी वेगळी काढून मागता येत नाही. त्यांना ऑर्डर दिल्याचं दुखलंय, पोटॅशियमचं नाही.'

'म्हणूनच नाही मागणार.'

'मग उद्या रजा हवी असेल तेव्हा माझ्याकडं येऊ नकोस.'

म्हणजे तिला माहीत आहे, मला रजा कशासाठी लागेल ते. मी म्हटलं, 'येणार. दार तुमचं असलं तरी वॉर्ड माझाही आहे.' हे वाक्य जिन्यावर नाही, तिथंच सुचलं. प्रगती आहे.

मग खरंच साहेबांकडं गेले. म्हटलं, सर, रिपोर्ट बघायला हवा होता, चुकले. ते वाट बघत राहिले, पुढचं येईल म्हणून. पुढचं काही नव्हतं. नमस्कार करून आले.

११ जून

फोन!!! एका मुलीने जागा सोडली — एम.एस्सी. मिळालं म्हणून, शिकवायला जाणार म्हणून. तिचं कल्याण होवो, तिला पंखा मिळो, रविवार मिळो!

आठवड्यात प्रवेश पक्का करायचा, हॉस्पिटलची अभ्यास-रजा आणि ना-हरकत घेऊन; वर्ग ऑगस्टपासून. नाहीतर जागा पुढच्या नंबरला. ना-हरकतीवर सही मेट्रनची.

घरी सांगितलं. मुलगी नाचली. सासूबाईंनी विचारलं, 'त्या बाहुल्याला आता जिवंत ठेवशील ना?' नवऱ्याने गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. 'कॉलेजला बसने कशाला जातेस? तू चालव. मी मागं बसतो.'

१२ जून

पर्समध्ये राजीनामा घेऊन गेले होते. ठरवलं होतं, नाही म्हणाली तर तोच टेबलावर ठेवायचा. माफी तरीही नाही.

मेट्रन एकटीच होती. मागच्या महिन्याचं राहिलेलं काम संपवत बसलेली. पुढच्या महिन्यात रिटायर होतेय, केबिनमधली कपाटं अर्धी रिकामी. मी कागद पुढं ठेवला.

'जागा मिळाली?'

'हो. वेटिंगला पहिली होते. एकीने सोडली.'

'आणि तू नाही गेलीस तर?'

'पुढच्या नंबरला जाईल.'

'हं.'

तिने चष्मा काढला. कपाळावर नाही चढवला — काढला, आणि साडीच्या टोकाने पुसत बसली. फार वेळ. मला वाटलं, आता माफीचं काढणार. मी पर्सची चेन उघडून तयार!

'मला हे खोली-टेबल मिळालं तेव्हा मी तुझ्याहून लहान होते,' ती कागदाकडं बघून म्हणाली. 'सगळ्यांनी सांगितलं, पुढं जायचं म्हणजे हेच. मीही तेच सांगत आले सगळ्यांना. शेवटची नाडी कधी बघितली, आठवत नाही मला.'

मी पहिल्यांदाच तिच्या हातांकडं बघितलं. नर्सचेच हात आहेत. नखं अजून कापलेली.

मग तिने सही केली. शिक्का मारला. कागद माझ्याकडं सरकवला आणि तो सोडायच्या आधी क्षणभर बोटाखाली धरून ठेवला.

'पोटॅशियम बघत जा,' म्हणाली.

राजीनामा घरी येऊन फाडला. तिचे आभार मानले का मी? मानले बहुतेक. जिन्यावर. मनात.

३१ जुलै

मेट्रनचा निरोप समारंभ. मी कॉलेजची सुरुवातीची कागदपत्रं उरकून मुद्दाम गेले. खाकरसाहेबांनी घसा साफ करून भाषण केलं. सगळ्यांनी विचारलं, 'मॅडम, आता काय? आराम?' ती नुसती हसली. खाली वाकून तिच्या पाया पडावं असं एकदम वाटलं. पडले नाही. आमच्यात ते बसत नाही.

५ ऑगस्ट

आज पहिला वर्ग. मी उशिरा पोचले — स्वतः चालवत गेले ना, नवरा मागच्या सीटवर, मधल्या चौकात गाडी बंद पडली, तो शब्दही बोलला नाही. वर्गात सगळ्या पोरी वीस-पंचविशीच्या. एकच बाक अर्धा रिकामा. त्यावर मेट्रन बसलेली. नवी वही, नवा स्टेथोस्कोप, चष्मा नाकावर.

माझ्या तोंडून 'मॅडम' सुटलं.

'मॅडम नको म्हणू इथं,' ती पुटपुटली. 'वेटिंगला तुझ्या मागचा नंबर माझा होता. तुझ्यानंतर आणखी एकीने सोडली, म्हणून आले. आता उभी काय राहतेस? बस.'